यंत्राला छातीच्या फोटोत नेमके काय दिसते?

‘एआय एक्स-रे वाचते, म्हणजे त्याला आजार कळतो’ हा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज. न्यूमोनिया म्हणजे काय, हे त्या प्रणालीला ठाऊक नसते. ‘आजार आहे’ आणि ‘नाही’ अशी नोंद केलेले हजारो फोटो तिला दाखवतात, आणि त्यांत फरक करता येईल अशी कुठलीही खूण ती उचलते. धोका या ‘कुठलीही’मध्ये आहे. 2018 मध्ये अमेरिकी संशोधकांनी अशी प्रणाली तपासली. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयाच्या फोटोंत न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे 34 टक्के होते, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या फोटोंत जेमतेम 1 टक्का. फोटो कुठला, हे प्रणाली जवळजवळ अचूक ओळखत होती. डावी-उजवी बाजू कळावी म्हणून तंत्रज्ञ कोपऱ्यात ठेवतात ती धातूची खूणही तिला पुरत होती. रुग्णालय ओळखले की आजाराचा अंदाज बांधणे सोपे! बाहेरच्या रुग्णालयाचे फोटो दिल्यावर मात्र पाचपैकी तीन तुलनांत तिची कामगिरी घसरली.

म्हणून ‘इतके टक्के अचूक’ असे वाचले की पहिला प्रश्न हवा: कुणाच्या फोटोंवर?

दुसरा प्रश्न: फोटो काढले कुठे? मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा ओळखणारी गूगलची प्रणाली प्रयोगात उत्तम ठरली होती. थायलंडच्या दवाखान्यांत परिचारिकांनी, पुरेसा अंधार नसलेल्या खोल्यांत काढलेल्या फोटोंपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक तिने अस्पष्ट म्हणून नाकारले. त्या रुग्णांच्या वाट्याला आणखी एक खेप आली.

रेडिओलॉजिस्ट घरी बसणार, हेही खरे नाही. स्वीडनमध्ये 80,000 महिलांच्या स्तनतपासणीच्या चाचणीत निम्म्या महिलांच्या फोटोंची जोखीम प्रणाली आधी ठरवे. कमी जोखमीचे फोटो एक डॉक्टर पाही, जास्त जोखमीचे दोन. वाचनाचे काम 44 टक्क्यांनी घटले, कर्करोग सापडण्याचे प्रमाण घटले नाही.

आपल्याकडे हा विषय क्षयरोगामुळे जवळचा आहे. 15 वर्षांवरील व्यक्तींच्या चाळणीसाठी छातीचा फोटो प्रणालीकडून वाचून घेण्यास जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली. मुंबईत तयार झालेली ‘क्यूएक्सआर’ ही अशीच प्रणाली. पण चाळणी म्हणजे निदान नव्हे. यंत्राला संशय आला तर थुंकीची तपासणी करावी लागते. आणि यंत्राने फोटो स्वच्छ ठरवला, तरी दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर थुंकी तपासून घ्यावीच.