साकळण-कुंडात घडणारा तंतू: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखादा कृत्रिम तंतू मजबूत निघेल की ठिसूळ, घट्ट निघेल की सच्छिद्र, हे तो ज्या बहुवारिकापासून, म्हणजे असंख्य लहान रेणू साखळीने जोडून झालेल्या पदार्थापासून, बनतो त्यावरच ठरते, असा समज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती अशी की घटकांतील थोडाफार फरक सोडला, तर पॉलिअॅक्रिलोनायट्रिल या एकाच बहुवारिकापासून स्वेटरची अॅक्रिलिक लोकर, कार्बन तंतूसाठी लागणारा पूर्वतंतू आणि पाणी गाळणारी पटले तयार होतात. पुण्याच्या पाषाण भागात १९५० पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत याच बहुवारिकाची अतिगाळण पटले विकसित झाली आहेत. या तिन्ही पदार्थांतील भेद मुख्यतः घडणीच्या परिस्थितीतून येतो.

हे बहुवारिक वितळण्याआधीच विघटित होऊ लागते, त्यामुळे ते द्रावकात विरघळवून कातावे लागते. या ओल्या कताईत दाट द्रावण स्पिनरेटच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या तबकडीच्या, आरपार दाबून साकळण-कुंडात सोडतात. तेथे धारेतील द्रावक बाहेर पडतो, कुंडातील पाण्यासारखा अद्रावक आत शिरतो आणि विरघळलेले बहुवारिक साकळून घन होते. तंतूची अंतर्रचना बव्हंशी या देवघेवीच्या, म्हणजे विसरणाच्या, काही क्षणांत ठरते.

चकलीला सोऱ्याच्या ताटलीचा आकार येतो, तसा तंतूलाही छिद्राचा आकार येत असावा, हा दुसरा समज. प्रत्यक्षात गोल छिद्रातून निघालेला अॅक्रिलिक तंतू आडव्या छेदात अनेकदा घेवड्याच्या दाण्यासारखा दिसतो. बाहेरची साल आधी ताठर होते, आतला द्रावक त्यानंतरही निघत राहतो आणि जितका निघतो तितका अद्रावक आत येत नाही, म्हणून गाभा आक्रसतो व साल आत दबते. कल्याणजवळच्या शहाड येथे सेंच्युरी रेयॉनमध्ये १९५०च्या दशकापासून निघणाऱ्या व्हिस्कोस धाग्याच्या प्रकारात हाच परिणाम दंतुर कडांच्या रूपाने दिसतो. मात्र तेथे केवळ विसरण नसून रासायनिक क्रियाही घडते, कारण लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज झँथेट रूपात विरघळवलेले असते आणि सल्फ्युरिक आम्ल, सोडियम सल्फेट व झिंक सल्फेट यांच्या कुंडात ते पुन्हा सेल्युलोज होते.

सर्वांत चिवट समज मात्र वेगाविषयीचा आहे. धार जितकी झटपट घट्ट होईल तितका तंतू पक्का, असे वरवर पाहता पटण्यासारखे वाटते, पण बहुधा नेमके उलट घडते. शुद्ध किंवा कोमट पाण्यात धार पडताच तिच्यावर साल धरते, आत द्रावक-अद्रावकाची घाईची देवघेव चालू राहते आणि थेंबाच्या किंवा बोटांच्या आकाराच्या मोठ्या पोकळ्या उरतात. कार्बन तंतूच्या पूर्वतंतूत अशी पोकळी पुढे भट्टीतूनही दोष म्हणून टिकते आणि ताण पडला की तुटण्याची सुरुवात तिथूनच होते. म्हणून कुंडात मुद्दाम द्रावक मिसळतात, तापमान खाली ठेवतात किंवा मूळ द्रावणातील बहुवारिकाचे प्रमाण वाढवतात. विसरण मंदावले की छेद गोलाईकडे झुकतो आणि रचना एकसारखी होते. व्हिस्कोसच्या कुंडातील जस्ताचेही हेच काम: ते झँथेटचे विघटन लांबवते आणि तंतू पूर्ण घट्ट होण्याआधी ताणायला अवधी देते. अर्थात मंदपणालाही मर्यादा आहे, कारण कुंड फारच सौम्य असेल, तर धार स्वतःचा भार न पेलता तुटते किंवा शेजारच्या धारेला चिकटते.

पोकळी म्हणजे दोषच, हेही सर्वत्र खरे नाही. गाळणीच्या पोकळ तंतूत सूक्ष्म छिद्रांचे जाळे हेच उत्पादन असते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून निघालेल्या जेनरिच मेंब्रेन्स या कंपनीने करोनाकाळात पोकळ तंतूंच्याच आधारे हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण ३५ टक्क्यांपर्यंत नेणारे उपकरण तयार केले. असे तंतू कातताना द्रावण वलयाकार छिद्रातून येते, मध्यातून वेगळा द्रव वाहतो, आणि कुंडात पडण्यापूर्वी धार बहुधा थोडे अंतर हवेतून जाते. हवेतील बाष्पही अद्रावकच असल्याने या अंतरात बाहेरची साल घडू लागते. पुण्यातील एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची दमट हवा या दृष्टीने सारख्या नाहीत, आणि आर्द्रता नियंत्रित न केल्यास तंतूंच्या रचनेत ऋतुमान उमटू शकते.

शेवटचा समज ताणण्याविषयीचा. ताणल्याने तंतू केवळ बारीक होतो असे नाही. साखळ्या अक्षाला समांतर होतात आणि बळ त्यातूनच येते, पण आधीच्या पोकळ्या ताणाने नाहीशा न होता लांबट, सुईसारख्या होतात. त्या मिटवण्यासाठी अॅक्रिलिक तंतू उष्णतेने वाळवतात, कारण पाणी निघून जाताना केशिकाबल भिंती एकमेकींकडे ओढते. गाळणीच्या तंतूंत हेच बल घातक ठरते, म्हणून तेथे वाळवण्यापूर्वी छिद्रांत ग्लिसरीन भरून ठेवण्याची रीत आहे.