शाळेची घंटा आणि चौसष्ट मीटर

जून आला की नव्या वह्या, छत्र्या, दप्तरे यांची धांदल सुरू होते. शाळेची घंटा तुमच्यापैकी बहुतेकांच्या ध्यानातही राहत नसेल. माझ्या भाच्याला मात्र तिचा पहिलाच टोल असह्य होतो. मागच्या जूनमध्ये शाळेच्या पहिल्याच दिवशी तो कान दाबून वर्गाबाहेर पळाला आणि पुढे आठ दिवस शाळेत गेला नाही. ‘लाडावलाय,’ असे मीच बहिणीला म्हणालो. ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्याने असे बोलावे, याची आता लाज वाटते.

भाच्याला स्वमग्नता आहे. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातही मोठ्या आवाजांच्या भीतीची नोंद आहे. अशा पुष्कळ मुलांचा मेंदू आवाज, उजेड, स्पर्श यांची दखल निराळ्या तऱ्हेने घेतो. (सगळ्यांचे सारखेच असते असे नाही. कुणाला गोंगाट चालतो, पण गणवेशाची कॉलर टोचते.)

यंदा मे महिन्यात मुख्याध्यापकांना विचारून आम्ही रिकाम्या शाळेत गेलो. मोकळ्या जागेत ध्वनी चहूकडे पसरतो. त्यामुळे अंतर निम्मे केले की तीव्रता चौपट होते, म्हणजे सुमारे ६ डेसिबेलने वाढते. ६४ मीटरवरून २ मीटरवर यायचे, तर अंतर पाच वेळा निम्मे करावे लागते. एकूण वाढ ३० डेसिबेल, तीव्रता सुमारे हजारपट! जमिनीवरून व भिंतींवरून ध्वनी परावर्तित होतो, म्हणून प्रत्यक्ष आकडे थोडे निराळे येतील. तरी एकदम हजारपट कशाला? पहिल्या दिवशी आम्ही मैदानाच्या टोकाला उभे राहिलो. पुढे कधी सरकायचे ते तोच ठरवी. दोनदा तो मागेही गेला. शिपाईमामा टोल देण्याआधी हात वर करीत, कारण अवचित आलेला आवाज अधिक दचकवतो. दहाव्या दिवशी त्याने हातोडा स्वतःच मागून घेतला.

वर्गाची गोष्ट वेगळी. तिथे भिंती आवाज परतवतात आणि तो रेंगाळतो. यालाच निनाद म्हणतात. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत असे. वॉलेस सॅबिन यांनी तिथे रात्री खुर्च्यांवरच्या गाद्या आणून मांडल्या आणि निनाद मोजला. आवाज शोषण्याचे त्यांचे माप होते उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परतत नाही! म्हणून भाच्याला रस्त्यापासून दूरच्या खिडकीजवळ जागा मिळाली. वर्गातल्या मुलांनी बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले; करकर पुष्कळच थांबली.

शाळा उघडली त्या दिवशी त्याने कान दाबले, पण जागा सोडली नाही. व्हरांड्याच्या पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसाचा विचार मात्र आम्हा कुणालाच सुचला नव्हता. कारखान्यात वापरतात तशी कानांवरची झाकणे आता त्याच्या दप्तरात असतात.