घरपट्टीचा आकडा येतो कुठून?

शेजारच्या काकूंनी परवा पुणे महापालिकेची मिळकतकराची दोन बिलं माझ्यासमोर ठेवली. एक त्यांचं, दुसरं वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं. इमारत एक, क्षेत्रफळ तेवढंच, तरी काकूंचं बिल बरंच जास्त. "आमच्या घराला काय सोनं लागलंय?"

आपण बिलाची शेवटची ओळ बघतो. पण बघायला हवं ते 'वार्षिक करपात्र मूल्य'. पुण्यात कर लागतो तो घराच्या बाजारभावावर नाही, तर ते भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल या अंदाजावर. समजा, 600 चौरस फुटांचं घर आहे आणि महापालिकेने धरलेला दर महिना 2 रुपये चौरस फूट आहे. वर्षाचे झाले 14,400 रुपये. दुरुस्तीखर्चाचे 10 टक्के वजा केले की उरतात 12,960. मालक स्वतः राहत असेल तर भाड्यात 40 टक्के सवलत मिळते आणि हेच मूल्य 7,776 वर येतं. सर्वसाधारण कर, सफाई, अग्निशमन, वृक्षकर असे बहुतेक कर या आकड्याच्या टक्केवारीने लागतात. म्हणजे मुळातला आकडा चुकला की पुढचं सगळंच चुकतं.

मुंबईत 2010पासून हिशेब वेगळा आहे. तिथे रेडीरेकनरवरून काढलेलं भांडवली मूल्य धरतात, आणि 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022पासून करमाफी आहे. गावात आपल्या घराची आकारणी ग्रामपंचायतीच्या नमुना 8मध्ये सापडते.

काकूंचं कोडं त्या 40 टक्क्यांत होतं. पुण्यातली ही जुनी सवलत 2019मध्ये थांबली आणि एप्रिल 2023पासून पुन्हा लागू झाली. ज्यांची ती गेली होती, त्यांना मात्र पीटी-3 अर्ज भरून 'मी इथेच राहतो' हे सिद्ध करायचं होतं. काकूंचा फ्लॅट मधली काही वर्षं भाड्याने होता. त्या राहायला आल्या, पण अर्ज राहून गेला. हक्काची सवलत अर्जाअभावी बुडावी, तीही सत्तरीतल्या माणसाची, हे मला अन्यायाचं वाटतं.

बिल चुकीचं वाटलं म्हणून भरणं थांबवू नका, थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती चढते. क्षेत्रफळ, वापर आणि करपात्र मूल्य तपासा, तक्रार लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.