पिशवीतलं गाव

पाटण तालुक्यातल्या धरणग्रस्ताच्या घरी जमिनीचा विषय निघाला, की पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी बाहेर येते. बुडालेल्या रानाचा सातबारा, नुकसानभरपाईचे कागद, घडीवर विरलेल्या अर्जांच्या पोचा. गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या तळाशी गेलं; ते होतं, एवढं सांगायला आता ही पिशवीच उरली.

कोयनेच्या पाण्यावर 1962 मध्ये पोफळीला वीज तयार होऊ लागली. गावं उठली तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो यायला 1976 उजाडलं. तोवर कोयनेची माणसं सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत पांगली होती.

मुळशीत 1921 साली सेनापती बापटांच्या धरणविरोधी सत्याग्रहाची घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. सातारा-सांगलीत पुढे घुमली ती ‘आधी पुनर्वसन, मग धरण’. ही माघार नव्हती. आटपाडी, खानापूर, माणच्या दुष्काळी रानाला पाणी हवं, हे धरणग्रस्तही जाणत होते. कासेगावच्या डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलानं दुष्काळग्रस्त आणि धरणग्रस्त यांना एका मांडवात बसवलं, हे या लढ्याचं सगळ्यात मोठं काम. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ज्याच्या शेतात पाणी येणार, त्या लाभक्षेत्रातली काही जमीन ज्याचं शेत बुडालं त्याला मिळावी. कायद्यातही ती सोय होती.

पण कायदा आणि शेत यांच्यामध्ये कचेरी असते. पर्यायी जमीन हवी तर भरपाईतली 65 टक्के रक्कम सरकारजमा करायची अट. ज्याचे पैसे मुलीच्या लग्नात, नाहीतर दोन वर्षांच्या पोटापाण्यात गेले, त्यानं काय भरायचं?

कोयनेच्या आणि वारणेच्या काठावर, पाण्याच्या वर जी गावं वाचली, त्यांच्यावर 1985 मध्ये अभयारण्यं आली. वारणेकाठचं चांदोली 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पाण्यानं सोडलेल्यांना जंगलानं उठवलं.

2018 साली कोयनानगरला धरणग्रस्तांचा ठिय्या बसला, तेव्हा धरणाला साठ वर्षं होत आली होती. मागण्यांत संकलन यादी होतीच: कुणाचं किती गेलं, कुणाला काय मिळालं, याची नोंद. मूळ खातेदार बहुतेक वारलेले. नातवंडं आजोबांच्या नावापुढे आपलं नाव लावून घ्यायला रांगेत उभी राहतात, हातात तीच पिशवी.