हलव्याचे दागिने : दाणा, काटा आणि दोरा

संक्रांतीला नव्या सुनेच्या काळ्या चंद्रकळेवर आणि बोरन्हाणाला बाळाच्या अंगावर हे पांढरेशुभ्र दागिने खुलतात. त्यांचे सारे सौंदर्य हलव्याच्या दाण्यावर फुलणाऱ्या साखरेच्या काट्यात आहे. हलवा करण्यासाठी तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन अगदी मंद आचेवर ठेवायचा. त्यावर चमचाभर एकतारी पाक सोडायचा आणि दाणे बोटांनी सतत फिरवत राहायचे. पाक पूर्ण सुकल्याशिवाय पुढचा चमचा नाही. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की रंग पिवळा पडतो. कोरड्या थंडीत काटा छान फुलतो, दमट हवेत तो बसतो. मन लावून केले तर हे काही दिवसांचे काम आहे.

दाण्याला भोक पाडत नाहीत. दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवतात आणि काट्यांमुळे तो निसटत नाही. हल्ली पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेले दागिनेच जास्त दिसतात. ते लवकर होतात, पण गाठवलेल्या हारासारखे अंगावर झुलत नाहीत. वेळ असेल तर निदान हार तरी गाठवाच. बारीक खसखशीचा हलवा तन्मणी, बाजूबंदासाठी घ्यावा, साबुदाण्याचा टपोरा दाणा हारासाठी. मधूनमधून सोनेरी मणी किंवा जर. जावयासाठी हार आणि नारळ, बाळासाठी मुकुट, बासरी.

ठेवताना घट्ट झाकणाचा डबा हवा. ओल आणि मुंग्या, दोन्हींपासून जपायचे. गोंद लागलेला हलवा मात्र मुलांना खायला देऊ नये.