उंदरांच्या कातड्यातली नोंद

उंदीर मेले तर हळहळतो कोण? पण एका बेटावरची उंदरांची अख्खी जात नाहीशी झाली आणि तिचे कारण कळायला शंभर वर्षे लागली, ही हकीकत ऐकण्यासारखी आहे.

जावाच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ख्रिसमस बेट आहे. चार्ल्स अँड्रूज हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १८९७-९८ साली तिथे राहिले, तेव्हा 'मॅक्लिअरचा उंदीर' ही तिथलीच जात बेटभर सुळसुळत होती. १९०८ साली ते पुन्हा गेले, तर औषधालाही उंदीर नाही! मधल्या काळात, १८९९ साली, 'हिंदुस्तान' नावाच्या जहाजातून काळे उंदीर बेटावर उतरले होते. १९०१-०२च्या सुमारास हर्बर्ट डरहॅम यांना बेटावरच्या आजारी उंदरांच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा हे परजीवी दिसले. यांच्यातल्या ज्या जातीवर पुढे संशय आला, ती टिमोथी लुईस यांनी १८७८च्या सुमारास आपल्याच कलकत्त्यात उंदरांच्या रक्तात पाहिली होती. ती पिसवांमार्फत पसरते. काळ्या उंदराला तिची सवय झालेली. बेटावरच्या उंदराला ती सर्वस्वी नवी.

हा परजीवी शोधायचा कसा? उंदराच्या शेपटीतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घ्यायचे. ताज्या थेंबात तो वळवळताना दिसतो. थेंब सुकवून गिम्सा रंग दिला, की त्याचे शेपटीदार शरीर उठून दिसते. पण उंदीर साधारण महिन्याभरात या संसर्गातून मोकळा होतो. तेव्हा काचेवर दिसला नाही, म्हणजे कधी नव्हताच, असे म्हणता येत नाही. आता रक्तातला डीएनए अनेक पटींनी वाढवून अगदी तुरळक परजीवीही पकडता येतात.

हीच युक्ती संशोधकांनी संग्रहालयांत जपलेल्या मॅक्लिअरच्या उंदरांच्या कातड्यांवर चालवली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: जहाज येण्यापूर्वीच्या नमुन्यांत परजीवी नाही, नंतरच्या काहींत आहे. नमुने मोजकेच होते, तरी डरहॅम यांच्या संशयाला आधार मिळाला.

बँकेत आम्ही जुन्या खातेवह्या जपत असू. कधी कोणते पान लागेल याचा नेम नसे. ही कातडीही तशीच. कुणीतरी तारखेची चिठ्ठी बांधून ती कपाटात ठेवली नसती, तर आज तपासायला काय उरले असते?

आणि हा प्रश्न केवळ उंदरांचा नाही. हाच परजीवी भारतात क्वचित तान्ह्या बाळांच्या रक्तातही आढळला आहे. घरातल्या उंदरांकडे आणि त्यांच्या पिसवांकडे डोळसपणे पाहायला एवढे कारण पुरे.