गावाचा रेडिओ, गावाची बोली

माणदेशातल्या माडगुळ्याचे लेखक व्यंकटेश माडगूळकर १९५५ साली पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात रुजू झाले. पुढच्याच वर्षी याच केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने पाच मराठी जिल्ह्यांतल्या १५० गावांत श्रोते मंडळांचा प्रयोग झाला: २० कार्यक्रम, प्रत्येकानंतर गावकऱ्यांची चर्चा. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी केलेल्या या प्रयोगाच्या पाहणीत नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळांच्या गावांत ज्ञान कितीतरी जास्त वाढलेले दिसले. म्हणजे शिकवले ते चर्चेने, आणि मोकळी चर्चा आपल्या बोलीतच होते. आता मोबाइल असताना अशी मंडळे कशाला, असे कुणी म्हणेल. कापसाचा भाव वऱ्हाडातल्या दारव्ह्याच्या शेतकऱ्याला मोबाइल सांगतो, हे खरेच. पण बोंडअळीवर शेजाऱ्यांसोबत वऱ्हाडीत खल करायला, उलट प्रश्न विचारायला मंडळच लागते, आणि त्यासाठी माडगूळकरांसारखा गावाची भाषा जगलेला निवेदकही.